नळीमागच्या रेघा

आमच्या सिकलसेल तपासणीची पहिली पायरी साधी असते. बोट टोचून काढलेलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर बरं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल आहे, म्हणजे लाल पेशींना विळ्यासारखं वाकवणारं, आईबापांकडून येणारं सदोष हिमोग्लोबिन. मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी. त्यात कळतं एएस की एसएस, म्हणजे सिकलचं जीन ‘एस’ एकाच पालकाकडून आलेला वाहक की दोघांकडून आलेला पीडित. लॅब टेक्निशियन म्हणून १९ वर्षं मी विदर्भात या रेघा बघतेय.

माझ्या बहिणीचा मुलगा एसएस आहे, २२ वर्षांचा. थंडी पडली की त्याची हाडं ठणकायला लागतात. लहानपणी रात्रभर कण्हायचा आणि बहीण गरम पाण्याची पिशवी बदलत उशाशी बसून राहायची. आता दुखणं आटोक्यात ठेवायला रोज हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल घेतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेलवरच्या स्वदेशी क्रिस्पर, म्हणजे जीन कापून बदलण्याच्या उपचाराची घोषणा केली, नाव ‘बिरसा १०१’. ती बातमी मोबाइलवर दाखवत तो म्हणाला, “मावशी, माझं जीन बदलून मिळेल का गं?”

मी त्याला सगळं सांगितलं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅसगेव्ही’ या अशाच क्रिस्पर उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढतात, बीसीएल११ए या जीनचा एक खटका कापतात, मग जन्मानंतर बंद पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. तिथली किंमत २२ लाख डॉलर, आपले १८ कोटींच्या आसपास. पेशी परत सोडण्याआधी कडक केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि त्यानंतर मूल होण्याची खात्री राहत नाही. शिवाय हा बदल त्याच्यापुरताच. पुढे मूल झालंच, तर त्याला बापाकडून एस मिळणारच.

“मग मी आईच्या पोटात यायच्या आधीच बदललं असतं तर?”

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. चीनमध्ये २०१८ साली ‘हे च्यानख्वे’ नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणांचे जीन बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. एचआयव्हीपासून वाचवण्यासाठी, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला तीन वर्षांची कैद झाली, पण त्या पोरींना विचारणार कोण होतं? त्यांच्या लेकरांपर्यंत तो बदल जाणार. माझा भाचा केमोचा धोका ऐकून हो किंवा नाही म्हणू शकतो. त्याने हो म्हटलं तर मी त्याच्यासोबत उभी राहीन. भ्रूणात हात घालायला मात्र माझं मन घेत नाही. बहिणीच्या त्या रात्री डोळ्यांनी पाहूनही घेत नाही.

पण लोक जीनबदल म्हटलं की गोऱ्या, उंच, हुशार बाळांची चर्चा करतात, तेव्हा मला राग येतो. जीनवरून माणसं निवडणं आमच्याकडे कधीचंच सुरू आहे. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी तपासा, हे मीच शिबिरात सांगते. त्यात चूक नाही. घडतं वेगळंच. वाहकाला आजार नसतो, तरी मुलीचं तपासणीचं कार्ड मागतात आणि मुलाची तपासणीच झालेली नसते! दोन स्थळं मोडलेली एक पोरगी मला विचारत होती, “मॅडम, मले तं काहीच होत नाही, मंग मी खराब कशी?” एकच एस असला तर जीवघेण्या मलेरियापासून बचाव होतो; याच एका एसने मलेरियाच्या रानात तिच्या पूर्वजांना तारलं होतं.

लायनस पॉलिंगसारख्या थोर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सुचवलं होतं की वाहकांच्या कपाळावर गोंदून ठेवावं. हेतू दुःख टाळण्याचाच. गोंड, माडिया, परधान, नागपूरकडच्या दलित वस्त्या, ज्यांच्या कपाळी आधीच जात लिहिलेली आहे, त्यांच्यावर आणखी एक खूण नको.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. मोहीम हवीच, मी तिच्यातच काम करते. पण टीव्हीवर ‘सिकलसेल निर्मूलन’ ऐकू येतं तेव्हा शेजारी भाचा बसलेला असतो. तो काही बोलत नाही, आवाज कमी करतो.

मागच्या महिन्यात शिबिरात एका १७ वर्षांच्या मुलीच्या नळीमागच्या रेघा गेल्या. पुढच्या तपासणीत एएस निघालं. सोबत आलेली काकू रिपोर्टसाठी हात पुढे करून उभी होती. “काय निघालं जी मॅडम?” मी मुलीला आत बोलावलं, दार लोटलं, वाहक म्हणजे काय ते तिला दोनदा समजावलं. कागदाची चार घडी केली आणि तिच्या हातात दिली. तिने तो कंपासपेटीत ठेवला.