कसारा घाट आणि मागचं इंजिन

पहाटे साडेचारला ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली भेटायचं ठरलं होतं. मी पाच मिनिटं आधी पोचले तर काका हजर, सायकलच्या कॅरिअरला थर्मास बांधून. "रेल्वेत उशीर गाडीला होतो, ड्रायव्हरला नाही," म्हणाले. काका आमच्या सोसायटीतले, वय ६४, लोको पायलट म्हणून रिटायर झालेले. मला तीन दिवसांत धुळ्याला, आजोळी पोचायचं होतं. ते मात्र इगतपुरीपर्यंतच येणार होते आणि तसं त्यांनी आठवडाभर आधीच बजावून ठेवलं होतं.

साकेत पूल ते वडपे या पट्ट्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रुंदीकरण, धूळ, कंटेनर. अंधारात खड्डा डोळ्यांना दिसत नाही, आधी मनगटांना कळतो. पडघ्याला उजाडलं. जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. ५ जून २०२५ला त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि इगतपुरीच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या आता घाट न चढताच पलीकडे निघतात. दुचाकीला तिथे बंदी, मग सायकलचं काय घेऊन बसलात! आम्हाला आपला जुना मुंबई-आग्रा रोड.

आसनगावला डावीकडे माहुलीचे सुळके उन्हात आले. शहापूरला मिसळ खाल्ली. काकांनी दोन वेळा रस्सा मागवला, मी पोटाला घाबरून एकदाच. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे पाडेही याच तालुक्यात. आटगावपुढे रस्त्याकडेला प्लास्टिकचे रिकामे ड्रम ओळीने मांडलेले दिसले. तेव्हा डिसेंबरच चालू होता.

खर्डी ओलांडून कसाऱ्याला पोचलो तेव्हा साधारण ८० किलोमीटर झाले होते आणि माझे पाय "बास" म्हणत होते. लोकलही इथेच संपते. पुढे घाट.

स्टेशनजवळ वडापाव खाता खाता काकांनी घाट सांगितला, माझा नव्हे, त्यांचा. कसारा ते इगतपुरी रेल्वे १ जानेवारी १८६५ला सुरू झाली. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, आणि मागे पूर्ण भरलेली गाडी. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लावतात. ते बँकर. पुढचं इंजिन ओढतं, बँकर ढकलतात. "सगळं पुढूनच ओढलं तर कपलिंगवर केवढा ताण येईल? तुटलं तर डबे मागे सुटतील," काका म्हणाले. इगतपुरीला बँकर सोडतात आणि ते पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली कसाऱ्याला येतात. प्रवाशांना बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही, झोपेत असतात.

रस्त्याचा चढ उंचीने जेमतेम ३०० मीटरचा. लडाखवाले हसतील. पण पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाशेजारच्या पिशव्यांत, तीन दिवसांचे कपडे, दोन ट्यूब आणि आजीसाठी ठाण्याहून घेतलेली बाकरवडी असली की ३०० मीटर पुरतात. दुसऱ्या वळणावर मी सगळ्यात हलका गिअर टाकायला गेले आणि चेन उतरून स्पोकमध्ये अडकली. चूक माझीच, निघायच्या आदल्या रात्री गिअरच्या स्क्रूशी खेळले होते. हात काळे करून चेन बसवली, पन्नास मीटर गेले आणि उजव्या पोटरीत गोळा आला. शेजारून एक ट्रक इतक्या सावकाश चढत होता की क्लीनर मला नीट न्याहाळून म्हणाला, "ताई, दोरी देऊ का?"

काकांनी ओआरएस पाजलं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू."

"अगं, पुढे होऊन काय करू? तू चल. मी मागे आहे."

मग ते खरोखरच मागे राहिले, दोन सायकलींच्या अंतरावर. हात लावला नाही, "शाब्बास" म्हणाले नाहीत. फक्त बोलत राहिले. पावसाळ्यात रुळांवर आलेली दरड, डब्यात निघालेली पाल, डेपोतल्या चहावाल्याची उधारी. मधेच, "डावीकडे घे, टँकर येतोय." मी मागे वळून पाहत नव्हते, आवाज आला की पॅडल मारत होते. वेग ताशी सहा. दरीपलीकडून एकदा गाडीचा भोंगा ऐकू आला, तेव्हा ते मिनिटभर गप्प झाले. तेवढ्यात माझा वेग चारवर आला.

घाटनदेवीच्या देवळापाशी पाय टेकले. ट्रकवाले नारळ फोडत होते. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून पायरीवरच आडवी झाले. काका देवीला हात जोडून आले आणि घड्याळ बघून म्हणाले, "पासष्ट मिनिटं. मालगाडी म्हणून चालेल."

इगतपुरीत थर्मासमधला उरलेला चहा अर्धा अर्धा केला. माझी चेन त्यांनी बोटाने एकदा ताणून पाहिली.

"घोटीपर्यंत फारसा चढ नाही. ब्रेक बघून घे," म्हणाले. काकांनी हेल्मेट चढवलं, सायकल फिरवली आणि ते कसाऱ्याच्या उताराला लागले.