ऑक्टोबरातली टेकडी आणि गवताच्या उंचीवरचे प्राणी

नवरात्र संपतं, गवत वरून पिवळं आणि बुडाशी हिरवं दिसायला लागतं, आणि टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची तक्रार सुरू होते: ‘इथे काही दिसत नाही हो.’ दिसत नाही, कारण नजर चुकीच्या उंचीवर असते. कोणी झाडांच्या शेंड्यांकडे बघतं, कोणी लांबवर ससा-मुंगूस शोधतं. शरदातली टेकडी गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात भरलेली असते. पावसाळाभर खाऊन वाढलेले कीटक आता पूर्ण वाढीचे झालेले असतात आणि त्यांना खाणारे कोळीही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हे टिकतं, मग गवत वाळून आडवं होतं.

इथे लिहितोय ते पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या पायवाटा डोळ्यांसमोर ठेवून. तळजाई, कात्रज, किंवा सातारा-वाईकडच्या गवताळ टेकड्यांना थोड्याफार फरकाने हेच लागू होतं.

आधी वेळ. ऑक्टोबरात पुण्यात सूर्य साधारण साडेसहाच्या आगेमागे उगवतो. पहिला तास दवाचा आणि जाळ्यांचा. फुलपाखरं अंग तापल्याशिवाय उडत नाहीत, त्यांची खरी गडबड साडेआठनंतर. अकराला ऑक्टोबर हीट डोक्यात जायला लागते, तेव्हा उतरायला लागावं. या साडेचार तासांत दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालणं झालं तर वेग चुकला म्हणून समजा. पावलं मोजायचं घड्याळ त्या दिवशी घरी ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट सूर्याची बाजू. सकाळी कोळ्यांची जाळी बघायची तर सूर्याकडे तोंड करून चालायचं. उजेड जाळ्याच्या मागून आला की प्रत्येक धागा चमकतो. सूर्य पाठीशी घेतलात तर तेच जाळं थेट तोंडावर येतं. पक्ष्यांचं बरोबर उलट: सूर्य पाठीशी हवा, नाहीतर समोरचा पक्षी नुसता काळा ठिपका. म्हणून चढताना पूर्वेकडे तोंड होईल आणि उतरताना पाठ होईल अशी वाट निवडली की दोन्ही साधतं.

जाळ्यात मधोमध इंग्रजी एक्ससारखी पांढरी नागमोडी नक्षी दिसली की थांबा. हा सिग्नेचर कोळी, शास्त्रीय नाव आर्जिओपी. डोकं खाली, आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांत जुळवलेले, आणि त्या जोड्या नक्षीच्या चार फाट्यांवर बरोबर ठेवलेल्या. त्यामुळे लांबून पाय आठ नव्हे, चारच वाटतात. मधे बसलेली ही मादी. पोटावर पिवळे-रुपेरी पट्टे, अंग साधारण एक सेंटीमीटर. नर तिच्या निम्म्याहूनही लहान असतो. तो जाळ्याच्या कडेला बसलेला असतो आणि बहुतेक जण त्याला अडकलेला कीटक समजून सोडून देतात.

नक्षीचे फाटे नेहमी चार नसतात. एकाच झुडपावरच्या पाच जाळ्यांत दोन फाटे, तीन फाटे, एकही नाही असं सगळं सापडतं. लहान पिल्लांच्या जाळ्यात फाट्यांऐवजी मधे गोल पांढरी चकती असते, ती वेगळी जात नव्हे. नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ती अतिनील उजेड परावर्तित करून कीटकांना ओढते असं काही जण मानतात. पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते उडता उडता फाडू नये म्हणून, असं दुसरे सांगतात.

बघताना अंतर दीड-दोन फूट ठेवा आणि श्वास जाळ्यावर सोडू नका. धोका वाटला की मादी जाळं पुढे-मागे जोरात हलवते, इतकं की ती नीट दिसतच नाही. त्यानंतरही कोणी जवळ सरकलं तर ती धाग्यावरून खाली गवतात उतरते. फोटो गेलाच, आणि तिची सकाळची शिकारही. मोबाइलने फोटो काढताना कॅमेरा जाळ्याशी समांतर धरायचा आणि मागे सावलीतलं झुडूप येईल असं उभं राहायचं. मागे आकाश आलं की मोबाइल आकाशावर फोकस करतो आणि कोळी पुसट येतो. या दिवसांत जवळच्या गवताला कागदी पुडीसारखे अंड्यांचे कोशही लटकलेले असतात, म्हणून वाट करण्यासाठी काठीने गवत झोडपत जाऊ नये.

ताम्हिणी किंवा मुळशीच्या बाजूला गेलात तर याच दिवसांत याहून मोठा प्रकार भेटतो, जायंट वुड स्पायडर. मादीचं अंग तीन ते पाच सेंटीमीटर, धागा सोनेरी पिवळा, आणि जाळं दोन झाडांच्या मधे मीटरभर रुंद. त्याच जाळ्यात चांदीच्या थेंबांसारखे बारीक कोळी दिसले तर ती तिची पिल्लं नव्हेत. ते दुसऱ्याच जातीचे फुकटे, मालकिणीच्या शिकारीतलं चोरून खाणारे.

ऊन वर आलं की खुळखुळा शोधायचा. पिवळ्या फुलांचं, मटारसारख्या फुगीर शेंगांचं झुडूप. वाळलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात, म्हणून खुळखुळा. फुलपाखरं बघायची तर फुलं बघा असं सगळे सांगतात, पण या दिवसांत खुळखुळ्याची वाळकी, काळपटलेली, अर्धवट कुजकी फांदी जास्त उपयोगी. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही मंडळी तिथे घोळक्याने बसतात. त्यांना मध नको असतो. पायांनी आणि सोंडेने खरवडून ते त्या झाडातली अल्कलॉइड्स नावाची कडू रसायनं शोषतात. नर त्यापासून मादीला भुलवायचं गंधद्रव्य तयार करतात, त्यामुळे गर्दीत नरच जास्त. एरवी हातभर अंतरावर उडून जाणारं फुलपाखरू इथे चेहरा एक फुटावर नेला तरी हलत नाही. फुलपाखरांचे पहिले फोटो काढायला याहून चांगली जागा नाही. फक्त आपली सावली त्यांच्यावरून सरकू देऊ नका, सावलीने मात्र सगळी एकदम उठतात.

रुईची पानं उलटून बघा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट आणि त्याच्या पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या दिसल्या तर तो प्लेन टायगर या फुलपाखराचा. पानाच्या शिरेला चावल्याची खूणही शोधा. रुईचा चीक चिकट असतो, त्यात तोंड अडकू नये म्हणून सुरवंट आधी शीर चावून चीक वाहू देतो आणि मग पुढचा भाग खातो. हे बघायला दहा मिनिटं उकिडवं बसावं लागतं. पान तोडून घेऊ नका, आणि रुईचा चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका, डोळ्याला गंभीर इजा होते.

टेकडीच्या उतारावर हल्ली कॉसमॉसचे नारिंगी-पिवळे पट्टे फुलतात आणि लोक त्यांच्यात उभे राहून फोटो काढतात. ही मेक्सिकोकडून आलेली झाडं. दिसायला झकास, पण जिथे ती दाट माजतात तिथून इथलं गवत आणि रानफुलं हटतात, आणि त्यांच्यावर जगणारे सुरवंटही. कॉसमॉसच्या पट्ट्यात वेळ घालवण्यापेक्षा कडेच्या साध्या गवतात घालवावा.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. करडा धोबी सप्टेंबरातच आलेला असतो, खाणीच्या पाण्याकाठी शेपटी वरखाली करत फिरतो. गप्पीदास आणि थिरथिऱ्या मागोमाग येतात. ऑक्टोबरात नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत मोर करतो. निळ्या मानेचा पण पिसाऱ्याशिवायचा पक्षी दिसला की लांडोर म्हणून नोंद होते. विणीचा हंगाम संपला की मोराचा पिसारा गळतो आणि पुन्हा पूर्ण यायला काही महिने लागतात. लांडोरीच्या मानेवर हिरवट झाक असते, लखलखता निळा रंग नव्हे. मान निळी असेल तर तो मोरच. सातभाईंचा थवा एकाच झुडपाभोवती पाच मिनिटं कलकलाट करत राहिला तर पंधरा-वीस फुटांवरच थांबा आणि झुडपाच्या बुडाशी बघा. तिथे बहुधा साप, मुंगूस किंवा मांजर असतं.

मान वर करायची ती एकाच गोष्टीसाठी. पठारावर दुपारच्या आधी पिवळसर चतुरांचे थवे न बसता घिरट्या घालत असतात. याचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. पावसाळी डबक्यांत वाढलेले हे चतुर ईशान्येच्या वाऱ्याबरोबर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये पोचतात आणि तिथून पुढे पूर्व आफ्रिकेकडे. पाच सेंटीमीटरचा कीटक हिंदी महासागर ओलांडतो. नोव्हेंबरात त्याच वाटेने अमूर ससाणेही जातात आणि प्रवासात हेच चतुर खातात.

आता काळजी. खडकाळ पठारावर फुरसं असू शकतं. फूट-दीड फुटाचा, मातकट रंगाचा, सहज न दिसणारा विषारी साप. डिवचला की वेटोळं घालून अंगाचे खवले एकमेकांवर घासतो, त्याचा खरखर आवाज येतो. चपला-सँडल घालून येऊ नये, घोट्याच्या वरचे बूट हवेत. दगडावर बसण्याआधी त्याच्या कडा बघा, दगड उलटवू नका, पायवाट सोडून गवतात शिरू नका. चावा झालाच तर दोरी आवळणं, ब्लेडने कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. हाता-पायातलं कडं-अंगठी काढा, चावलेला अवयव फळकुटाला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. साप पकडून नेण्याची गरज नसते.

आग्या मधमाश्यांची पोळी याच दिवसांत कडेकपारींना लागतात. अत्तर, डिओडरंट लावून जाऊ नये आणि पोळ्याखाली धूर अजिबात नको. एक माशी चावली की तिच्या दंशातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो. हात झटकत उभं न राहता तोंड कापडाने झाकून पळा, आणि काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून लगेच काढा.

स्क्रब टायफस या तापाच्या आजाराकडे लोक दुर्लक्ष करतात. पावसानंतरच्या उंच गवतात असणाऱ्या माइट या गोचिडीसारख्या सूक्ष्म जिवाच्या अळ्या चावल्यामुळे तो होतो. विजार मोज्यात खोचा, गवतावर बसताना खाली चादर घ्या, घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका आणि साबण लावून आंघोळ करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गवतात गेल्याचं स्वतःहून सांगा, आणि काखेत, जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का ते बघा. वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो.

जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला तर पाणी पाजायला जाऊ नका, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

शेवटी मोज्यातली कुसळं. सुती आणि लोकरी मोजे ही कुसळी गवताला आमंत्रणच, गुळगुळीत कापडाची लांब विजार वरून आली तर निम्मी कमी होतात. काढताना शेपटीकडून ओढू नका. टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, ते गळासारखे अडकतात आणि टोक आत मोडतं. मोजा उलटा करून टोकाच्या दिशेने, आतल्या बाजूने काढायचं. त्यातलं एक सबंध, शेपटीसकट ठेवा. तपकिरी शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. तळहातावर पाण्याचा थेंब घेऊन ती त्यात धरा. काही क्षणांत पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ आपोआप फिरतं. रात्री दव पडलं की उलगडायचं, दुपारी वाळलं की पुन्हा पिळायचं, असं करत हे बी स्वतःला मातीत रुतवून घेतं.