रायबंदरच्या वाटेवरचं मीठ

पणजीत मांडवीकाठानं लोकांना फिरवायचं काम मी करते. सुरुवात आदिलशाहाच्या राजवाड्यापासून. 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं आपला मुक्काम इथे हलवला. शेजारी संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या आबे फारिया या गोव्याच्या धर्मगुरूचा पुतळा, आणि शेवटी रायबंदरला जाणारा पोंते दि लिन्यारिश. लिन्यारिशच्या काउंटनं 1633-34 मध्ये बांधून घेतलेला हा तीन किलोमीटरांचा पूल. 1986 मध्ये मांडवीवरचा नवा पूल कोसळला, पण यावरून आजही वाहनं धावतात. हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो.

एप्रिलमधली फेरी होती. खाली मिठागरांत पांढरे ढीग लागले होते. गटातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "बाय, पूल कोणी बांधला ते सांगितलंस. आता हे बांध कोणी घातले तेही सांग."

मला उत्तर देता आलं नाही. ते मिठगावड्यांच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या मीठ पिकवणाऱ्यांच्या घरातले. आम्हाला बांधावर घेऊन गेले. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, आत कसं घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत ते कसं आटवतात, तळाची माती चोपून टणक केली नाही तर मीठ कसं काळं पडतं, सगळं दाखवलं. मानशीच्या फळीवर साचलेलं मीठ नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. जाड, किंचित करडं.

मग म्हणाले, "आमचं मीठ एकदा इंग्रजांनी बांधून घातलं होतं."

मी चपापले. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यातला 1878 चा तह मला पाठ होता. मुरगावचं बंदर आणि रेल्वे त्यातूनच आली, असं मी राजवाड्यापाशी अभिमानानं सांगायचे. पण त्याच तहानं गोव्यातल्या मिठावरचा ताबा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये. मीठ किती पिकवायचं, कुठे विकायचं, हे आगरवाल्यांच्या हातात राहिलं नाही. 1892 मध्ये तह संपेपर्यंत ही बंधनं होती. रेल्वेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडलाच नव्हता. याचं मला फार वाईट वाटलं.

फेरी तासभर लांबली, पण एकही जण मधून गेला नाही.

आता रेल्वेची गोष्ट मी आगराच्या बांधावर सांगते. उन्हाळ्यात फेरीची वेळही भरती बघून ठरवते, म्हणजे मानस उघडताना लोकांना बघता येते.