सुई स्वतःच्या हातात घेताना

मी पारलिंगी (ट्रान्स) पुरुष. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू करण्याचे ठरले, तेव्हा ज्या गोष्टींची धास्ती वाटायला हवी होती त्यांची मला फारशी वाटली नाही. आवाज फुटेल, दाढी येईल, पाळी थांबेल, चारचौघांना सांगावे लागेल, कागदपत्रांवरचे नाव बदलून घ्यावे लागेल, हे सगळे माझे अनेक वर्षे मनात घोळवून झाले होते. अडलो तो सुईपाशी. रक्त तपासायला गेलो की घेरी येऊन खुर्चीतच कलंडणारा माणूस मी, आणि आता दर काही आठवड्यांनी, बहुधा आयुष्यभर, तेलात विरघळवलेले औषध मला मांडीच्या स्नायूत घ्यायचे होते.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. कातडीवर चोळायचे जेल मिळते. पण त्याचा महिन्याचा खर्च इंजेक्शनपेक्षा बराच जास्त होतो, शिवाय जेल लावलेली जागा कोणाला, विशेषतः लहान मुलांना, लागू द्यायची नसते, आणि आमच्या घरात भाची दिवसभर अंगाखांद्यावर असते. नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेता येते, आणि सुरुवातीला मी तेच केले. तिथले कंपाउंडर चिठ्ठीवरचे नाव वाचायचे, माझ्याकडे बघायचे, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, ‘हे काय, जिमसाठी का?’ सुईपेक्षा त्या प्रश्नाचा धसका मोठा झाला, तेव्हा डॉक्टरांना म्हणालो की मला घरी घ्यायला शिकवा. त्यांनी रीतसर शिकवले, दोनदा समोर बसवून करून घेतले, आणि मग घरी पाठवले.

घरी माझा हात सुईसकट मांडीच्या वर अडकून राहायचा. कपाळावर घाम, कानात घूं असा आवाज, तोंडाला कोरड. मामाला हे कळल्यावर तो हसून म्हणाला, ‘पुरुष व्हायचंय आणि सुईला भितोस?’ त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत, आणि ते केवळ मामाचे नाहीत. पहिला असा की पुरुषांना भीती वाटत नाही. दुसरा अधिक घातक: ज्याला हे खरोखर हवे आहे तो सुईला घाबरणार नाही, म्हणजे भीती वाटली की इच्छाच कच्ची. आपले म्हणणे डॉक्टरांपासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागणारी आम्ही पारलिंगी माणसे हा दुसरा समज फार चटकन स्वतःवर लावून घेतो.

माझ्या आईला मधुमेह आहे आणि ती रोज स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोटावर इन्सुलिन टोचून घेते. सुरुवातीला तीसुद्धा घाबरायची, शेजारच्या काकूंना बोलवायची. तिला तेव्हा कोणी म्हटले नाही की तुम्हाला इन्सुलिन मनापासून नको असेल. तिची भीती ही निव्वळ भीती होती. माझ्या भीतीतून मात्र पुरावा शोधला जात होता. हे ध्यानात आल्यावर मी इच्छेचा प्रश्न बाजूला ठेवला आणि शरीराकडे वळलो.

सुई किंवा रक्त पाहून भोवळ येणे हा इतर भीतींपेक्षा वेगळा प्रकार आहे. पाल किंवा उंची पाहून घाबरलेल्या माणसाची नाडी वाढते आणि वाढलेलीच राहते. सुईला घाबरणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ती आधी वाढते आणि मग एकदम घसरते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पोहोचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून ‘शांत हो, अंग सैल सोड’ हा भेटेल तो देत असलेला सल्ला अशा माणसाच्या कामाचा नाही. आधीच उतरणाऱ्या रक्तदाबाला त्याने वर चढायला मदत होत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात याच्या नेमका उलटा उपाय मांडला. हात, छाती आणि पाय यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळायचे. मग नेहमीसारखे होऊ द्यायचे, अगदी ढिले नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवळायचे. असे पाच वेळा. सुई समोर नसताना याचा रोज सराव करायचा, म्हणजे गरजेच्या वेळी शरीर ऐकते.

यात एक अडचण होती, जी मला समजून घ्यायला वेळ लागला. आवळलेल्या स्नायूत सुई घातली तर जास्त दुखते. म्हणून मी खुर्चीत बसतो, डाव्या मांडीत घ्यायचे असेल तर डावा पाय सैल ठेवतो आणि फक्त दोन्ही दंड, पोट व उजवा पाय आवळतो. सुई टोचताना दंड सोडावे लागतात, पण उजवा पाय जमिनीत रोवलेलाच असतो. पोट आणि पाठ धरून ठेवत एकच मांडी ढिली सोडणे ही कसरत आहे, पण साधते, आणि मन तिकडे गुंतल्याने सुईला वाटेल तेवढे महत्त्व उरत नाही.

बाकीची तयारी तशी साधी आहे. सुईच्या आकड्यांचा हिशेब उलटा असतो, आकडा मोठा तितकी सुई बारीक. औषध भरायला मी १८ नंबरची जाड सुई वापरतो, मग ती काढून टोचण्यासाठी २३ नंबरची बारीक लावतो. तेल घट्ट असते, म्हणून ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, काही वेळ मुठीत धरून कोमट करायची, कापसात गुंडाळून तिची मान मोडायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, खुबा आणि गुडघा यांच्यातल्या अंतराचे तीन भाग कल्पून त्यातला मधला भाग घ्यायचा, आणि दर वेळी मांडी बदलायची. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण टेस्टोस्टेरॉनच्या सस्टनॉनसारख्या इंजेक्शनात शेंगदाणा तेल असते. आईचा नियम मात्र सर्वांत उपयोगी पडला: ‘सुई हातात घेतलीस की तिच्याशी खेळत बसायचं नाही.’ कातडीच्या वर घिरट्या घालणारा हातच भीती वाढवतो. मी टोचतो, आणि मग दट्ट्या सावकाश दाबतो. घाई तिथे करायची नसते.

वापरलेल्या सुया टोपण न लावता जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जातात, आणि बरणी तीन-चतुर्थांश भरली की दवाखान्यात परत. आमच्या गल्लीत कचरा वेचायला येणाऱ्या ताई उघड्या हातांनी पिशव्या सोडतात. माझ्या भीतीतून मी सुटलो म्हणून ती सुई त्यांच्या बोटात जावी, हे मला चालणार नाही.

पुढे डॉक्टरांशी बोलून मी त्वचेखाली, आठवड्याला थोडा थोडा डोस घेण्याकडे वळलो. त्याला आखूड, आणखी बारीक सुई पुरते, आणि दोन डोसांच्या मध्ये येणारी मरगळ व चिडचिडही माझ्यापुरती कमी झाली. हा बदल स्वतःच्या मनाने मात्र करू नये. मात्रा, अंतर आणि औषध बदलले की तपासण्याही बदलतात.

तपासण्यांचेच अजून जमलेले नाही. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर डोसचा फेरविचार करावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे असते. तिथे सुई दुसऱ्याच्या हातात असते, त्यामुळे घरचा धीर कामी येत नाही. लॅबमध्ये गेल्या गेल्या मी सांगून टाकतो की मला घेरी येते, झोपूनच देणार, आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून पडून राहतो.