तौक्ते वादळानंतरचे ऊना

17 मे 2021 च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ दीवच्या ईशान्येस, गुजरातेतील ऊना या गावाजवळ किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 160 ते 170 किलोमीटर होता. वडोदऱ्यात वीज वितरणाच्या कामावर असताना मी मदतपथकासाठी आपणहून नाव दिले, कारण नोकरीची आणि संसाराची सुरुवातीची वर्षे आम्ही ऊन्यात काढली होती आणि तिथल्या मच्छुंद्री नदीच्या आसपासच्या वीजवाहिन्या मी पायी फिरून पाहिलेल्या होत्या. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील शेजाऱ्यांनी ताडपत्र्या आणि कोरडा शिधा आमच्या ट्रकमध्ये भरून दिला. भावनगर, तळाजा, महुवा, राजुला या मार्गाने जाताना महुव्यापासूनच नारळाची झाडे रस्त्यावर आडवी दिसू लागली.

ऊन्यात पोहोचल्यावर सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ओळखीच्या खुणाच उरल्या नव्हत्या. झाड तारेवर पडले की त्या तारेचा ताण शेजारच्या खांबांवर जातो, आणि पावसाने भिजलेल्या जमिनीत ओळच्या ओळ झोपते. सिमेंटचे खांब बुडाशी मोडून त्यांच्या आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. अशा वेळी कार्यालयातील नकाशापेक्षा तिथे पूर्वी राहिलेल्या माणसाची आठवण जास्त कामाची असते, असे माझे ठाम मत आहे. कोणता फाटा कुठून वळतो आणि कोणत्या स्विचवरून शहराचा भाग वेगळा काढता येतो, हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

त्या दिवशी आम्हाला रुग्णालय, पाणीपुरवठ्याचे पंप आणि बाजाराचा भाग अशा क्रमाने 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) वाहिनी सुरू करायची होती. करोनाची दुसरी लाट चालू होती, रुग्णालय जनरेटरवर होते, आणि वीज नसल्याने डिझेल देणारे पंपही बंद होते. लोक घाई करत होते, आणि ती समजण्यासारखी होती. तरीही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावल्याशिवाय, म्हणजे तारा जमिनीशी जोडल्याशिवाय, मी एकाही लाइनमनला खांबावर चढू दिले नाही. कुणी घरचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे घर बाहेरच्या तारेपासून वेगळे न करता, जोडला असेल, तर ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि बंद समजलेली तार जिवंत होते. दुसऱ्यांच्या घरी दिवा लागावा म्हणून आलेल्या माणसाचा जीव घाईपायी जाता कामा नये.

दुपारी जवळच्या गावातले एक जुने परिचित शेतकरी भेटले. त्यांच्या घरी मी आणि माझी पत्नी अनेकदा जेवलो होतो. केसर आंब्याची त्यांची वाडी जवळजवळ पूर्ण उन्मळली होती. हिची चौकशी करून झाल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, वाडीची लाइन कधी येईल?" काही कलमे पुन्हा उभी करता येतील, पण त्यासाठी मुळांना ताबडतोब पाणी हवे, असे ते म्हणाले. 2003 पासून राबवलेल्या ज्योतिग्राम योजनेमुळे गुजरातेत गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी झाली. त्यामुळे गावात दिवे लवकर लावता येतात, पण शेतीची पाळी साहजिकच शेवटी येते. तो क्रम मला आजही योग्य वाटतो. मात्र ज्यांचे मीठ खाल्ले, त्यांच्यापुढे उभे राहून तो सांगणे फार जड गेले. "दोन-चार दिवसांत करतो" असे म्हणणे सोपे होते, पण त्या शब्दावर ते थांबले असते आणि उरलेली मुळेही वाळली असती. म्हणून मी स्पष्टच सांगितले, "काका, वाडीला काही आठवडे लागतील. लाइनची वाट पाहू नका, डिझेलवर चालणारे इंजिन मिळते का ते पाहा."

त्यांच्या भावाकडे जुने इंजिन पडून होते. अडचण होती ती डिझेलची. रुग्णालय आणि पाण्याचे पंप सुरू झाल्यानंतर संध्याकाळी बाजाराच्या भागात वीज आली, त्यावरचा डिझेल पंप चालू झाला, आणि काका कॅन घेऊन तिथल्या रांगेत उभे राहिले.