मंडईजवळचा हारवाला मुलगा

काल रात्री साडेनऊला मंडईजवळच्या एका फुलांच्या दुकानात हार घ्यायला थांबले. हार ओवणारा मुलगा अकरा-बारा वर्षांचा. बोटांना दोऱ्याचे वळ. "शाळा?" विचारलं तर "सहावीत" म्हणाला, मान वर न करता. दुकानदार लगेच बोलले, "ताई, भाचा आहे माझा. घरचंच काम."

घरी येऊन बालमजुरीचा कायदा वाचत बसले. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हाच आहे: सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. पण २०१६ च्या दुरुस्तीनं कुटुंबाच्या व्यवसायात मदत करायची मुभा दिली, आणि त्या 'कुटुंबा'त मामाही येतो! मला ही पळवाट फार मोठी वाटते. मामा खरा की सांगण्यापुरता, हे रस्त्यावर कोण तपासणार?

तरी एक गोष्ट सापडली. २०१७ च्या नियमांप्रमाणे शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत घरच्या धंद्यातही मुलाची मदत घेता येत नाही. याच नियमांत टीव्ही मालिकेत काम करणाऱ्या मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं बँकेत ठेवावा लागतो. या हार ओवणाऱ्याच्या नावावर काय?

आज दुपारी जाऊन मामांना वेळेचं सांगितलं. "मोसम आहे ताई," म्हणाले, पण ऐकून घेतलं. उद्या सातनंतर परत जाणार आहे. तो तिथेच दिसला तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करणार.