दगड डावीकडे दिसत होता

गाडीतल्या स्क्रीनवर दगड डाव्या चाकाजवळ दिसत होता. मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि उजवीकडूनच खर्रकन आवाज आला.

पुढच्या बंपरखाली मी स्वतः बसवलेला कॅमेरा मूळचा रिव्हर्सचा, म्हणजे गाडीमागचं दाखवण्यासाठीचा. तो चित्र आरशासारखं उलटं दाखवतो. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांना वायरचं एक छोटं वेटोळं असतं. ते कापलं की चित्र सुलट होतं. संध्याकाळी कापलं, दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. दोन मिनिटांचं काम.

पण मित्राचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. तो समोर उभा राहून हाताने खुणा करत होता. म्हणाला, "मी थांब म्हणत होतो. तू वर बघितलंच नाहीस."

कॅमेऱ्याच्या १७० अंशांच्या रुंद लेन्समध्ये दगड आहे त्यापेक्षा लांब भासतो, हेही मला ठाऊक होतं. तरी समोरचा माणूस सोडून माझे डोळे स्क्रीनवरच का खिळले?